बदली एकाची, घर दोघांचं: चेंबूरविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

जूनमध्ये शाळा उघडायच्या आत बिऱ्हाड हलवायचं असतं, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत मुंबईतल्या चेंबूरच्या एजंटांना उसंत नसते. विचारणा नाशिकहून येते, नागपूरहून येते, कधी थेट हैदराबादहून. नवऱ्याची बदली भाभा अणुसंशोधन केंद्रात झालीय, बायकोला वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसीत) नोकरी लागलीय, दोन बेडरूमचं काही आहे का? एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला: ऑफिस कुठं आहे? कुणाचं ऑफिस, ते तो विचारत नाही आणि बहुतेक घरांत ते कुणाला खटकतही नाही.

ज्याची बदली त्याच्या ऑफिसजवळ घर, हा या विषयातला सर्वांत मुरलेला गैरसमज. बदली होऊन आलेल्या माणसाला टेबल, सहकारी, कँटीन आणि पुष्कळदा कंपनीची बसही आयती मिळते. मागून येणाऱ्या जोडीदाराला यातलं काहीच मिळत नाही. जुनी नोकरी सोडून आलेली ती, किंवा तो, नवी नोकरी शोधणार, आणि ती अंधेरीत मिळेल, वाशीत की फोर्टात, हे आज कुणालाच ठाऊक नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ज्याचं ऑफिस ठरलेलं आहे त्याला पंधरा मिनिटं जास्त लागली तरी चालतील, पण ज्याचं काहीच ठरलेलं नाही त्याला स्टेशन जवळ हवं.

कंपनीचं क्वार्टर मिळत असेल तर प्रश्नच मिटला, असंही सर्रास म्हटलं जातं. भाभा केंद्राचं अणुशक्तीनगर ही उत्तम वसाहत आहे. झाडी आहे, शाळा आहेत, इस्पितळ आहे. आरसीएफ या खतकंपनीचीही वसाहत आहे. पण सरकारी क्वार्टर घेतलं की घरभाडे भत्ता बंद होतो. शिवाय अणुशक्तीनगरातून अंधेरीला नोकरीला जायचं तर आधी मानखुर्द किंवा गोवंडी स्टेशन गाठावं लागतं, आणि पुढचा प्रवास तिथून सुरू होतो. एकाचं ऑफिस फाटकापाशी आणि दुसऱ्याचे रोजचे तीन तास प्रवासात, हा हिशेब क्वार्टरचा अर्ज भरण्याआधी करायला हवा.

«चेंबूर मध्यवर्ती आहे, कुठूनही जवळ.»

नकाशावर हे खरं आहे. रस्त्यानं तर २०१३-१४ नंतर फारच खरं झालं. ईस्टर्न फ्रीवे २०१३ मध्ये सुरू झाला, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता २०१४ मध्ये. पण ही सोय गाडीवाल्यांची. लोकलनं जाणाऱ्याचं चेंबूर हार्बर मार्गावर आहे, आणि हार्बरवर फास्ट लोकल नसते. सीएसएमटी, वाशी, पनवेल थेट. ठाण्याला जायचं तर कुर्ल्याला उतरून मेन लाइनची गाडी धरायची. अंधेरीला जायचं तर वडाळा रोडला बदला, कारण थेट गाड्या मोजक्या. नाहीतर रस्त्यानं घाटकोपर गाठून तिथून मेट्रो १. बीकेसीला कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षा किंवा बस. सकाळी नऊच्या सुमारास कुर्ल्याचा पूल एकदा चढून बघा. एका हातात डबा, दुसऱ्या हातानं खांद्यावरची पर्स पोटाशी धरलेली, आणि जिन्यावर पाय ठेवायला समोरच्याची टाच उचलायची वाट बघायची. रविवारी मेगाब्लॉक असेल तर हार्बर दुपारभर बंद.

बाहेरून आलेल्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक नसते. चेंबूरची रिक्षा दादरला जात नाही. शहर भागात रिक्षाला परवानगी नाही, त्यामुळे ती शीवपर्यंतच सोडते. दादरला माहेर असेल तर हे आधीच समजलेलं बरं. कोकणातल्यांसाठी मात्र चेंबूरसारखी दुसरी सोय नाही. लोकमान्य टिळक टर्मिनस टिळक नगर स्टेशनजवळच आहे, आणि कोकण रेल्वेच्या कितीतरी गाड्या तिथून सुटतात.

जाहिरातीतली «मोनोरेल पाच मिनिटांवर» ही ओळ वाचून भाडं वाढवून देणारेही आहेत. चेंबूर-वडाळा मोनो फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली, मार्च २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत गेली, आणि २० सप्टेंबर २०२५ पासून सुधारणांसाठी बंद ठेवण्यात आली. डी. एन. नगर ते मंडाळे या मेट्रो २ब मार्गाचीही अशीच जाहिरात होते. ही मेट्रो चेंबूरमधून जाते, त्यामुळे उपयोगाची आहेच. पण आज जी गाडी तुमच्या स्टेशनावरून तुमच्या ऑफिसपर्यंत जाते, तिचेच पैसे भाड्यात मोजावेत.

«चेंबूर म्हणजे गॅस चेंबर.»

हा शिक्का जुना आहे आणि पूर्ण खोटाही नाही. १९५० च्या दशकात माहुल-तुर्भे किनाऱ्यावर तेलशुद्धीकरण कारखाने आले, पुढं खतकारखाना आला, औष्णिक वीजकेंद्र आलं. माहुल, अंबापाडा आणि चेंबूरच्या हवेबद्दल तिथले रहिवासी राष्ट्रीय हरित लवादात गेले. तिथल्या हवेमुळे आरोग्याला धोका असल्याचं लवादानं २०१५ मध्ये मान्य केलं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये दोन तेल कंपन्यांसह चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. तेव्हा «आता सगळं स्वच्छ आहे हो» असं एजंट म्हणाला तर मान डोलवू नका.

पण चेंबूर एकसंध नाही. चेंबूर नावाखाली निदान चार पिनकोड विकले जातात. ४०००७१ मध्ये डायमंड गार्डन आणि स्टेशनचा परिसर येतो, ४०००८९ मध्ये टिळक नगर, ४०००७४ मध्ये माहुल रोडचा पट्टा आणि ४०००८८ मध्ये देवनार. जाहिरातीत चौघांचं नाव «प्राइम चेंबूर». माहुलजवळच्या घरात आणि टिळक नगरातल्या घरात राहणं वेगळं. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं, आणि त्याची पीडा वेगळ्या दिशेची. जानेवारी २०१६ मध्ये तिथं आग लागली तेव्हा धूर चेंबूरवर पसरला होता. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दुपारी उलट, म्हणून दुपारी बारा वाजता घर बघून हवेचा अंदाज येत नाही. घरात कुणाला दमा असेल तर पहाटे सहाला त्या गल्लीत जाऊन दहा मिनिटं उभं राहावं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या «समीर» अॅपवर जवळच्या केंद्राचे आकडे मिळतात. आता यात पुनर्विकासाच्या धुळीची भर पडली आहे, आणि ती पिनकोड बघत नाही.

इथं मराठी माणसं नाहीत, सगळे सिंधी आणि दाक्षिणात्य, हेही ऐकू येतं. फाळणीनंतर वसलेला सिंधी कॅम्प आहे, छेडा नगरात मुरुगन मंदिर आहे, हे खरंच. पण टिळक नगर, सुभाष नगर या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती आहेत, घाटला गाव आहे, माहुलचा कोळीवाडा आहे. भाकरी-मासळीची चिंता नको.

भाड्याबद्दल एक समज हल्ली फार महाग पडतो: उपनगर आहे, दक्षिण मुंबईपेक्षा पुष्कळ स्वस्त असेल. पण गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे म्हाडाच्या, जुन्या इमारती पाडून टॉवर उठतायत. पाडलेल्या इमारतीतल्या कुटुंबांना मुलांची शाळा बदलायची नसते, म्हणून तीही याच गल्ल्यांत भाड्याचं घर शोधतात, आणि भाडी चढतात. त्यांचं भाडं बिल्डर भरतो, तुमचं तुम्ही. जुन्या इमारतीत घर घेताना सोसायटीनं पुनर्विकासाचा ठराव केलाय का, विकसक नेमलाय का, हे सेक्रेटरीला विचारा. नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा खोकी बांधायची वेळ येईल.

«अकरा महिन्यांचा करार, नोंदणी लागत नाही.»

हा गैरसमज शिकलेल्यांतही पक्का बसलेला आहे. उगम १९०८ च्या नोंदणी कायद्यात: एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं त्यात सक्तीचं, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात ती चालत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची. कसूर झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. «पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देतो» म्हणणारा मालक स्वतःचंच नुकसान करून घेत असतो.

खर्च फार नाही. समजा भाडं ४५,००० रुपये, डिपॉझिट २ लाख, मुदत ११ महिने. एकूण भाडं ४,९५,००० होतं. त्यात डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के दरानं धरलेलं व्याज मिळवायचं. बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे तेराशेच्या आतबाहेर. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. आधार आणि अंगठ्याचा ठसा देऊन नोंदणी घरबसल्याही होते.

करारात परवानाधारक म्हणून दोघांची नावं घाला. सगळे फक्त नोकरीवाल्याचं नाव लिहितात. मग पासपोर्टला, बँकेला, आधारवरचा पत्ता बदलायला त्याच्याकडे कागद असतो आणि जोडीदाराकडे काहीच नसतं. मुलाच्या शाळाप्रवेशासाठी आरटीईचा (शिक्षणहक्क कायद्याखालचा) अर्ज भरायचा असेल तर तिथंही नोंदणीकृत करारच चालतो.

सोसायटीची परवानगी मिळाली तरच घर, असं सांगणाऱ्या पदाधिकाऱ्यालाही उत्तर आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला घर भाड्यानं द्यायला पूर्वपरवानगी लागत नाही. आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि ते मालकानं भरायचं असतं. पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवण्याचं काम मात्र टाळू नका.

टोकन देण्याआधी मालकाकडे इंडेक्स-टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), चालू महिन्याचं वीजबिल आणि सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती मागा. कागद मागितले म्हणून जो मालक रागावतो, त्याचं घर सोडून द्या.