लग्नाआधीचा करार: पुण्यात नुसता कागद, गोव्यात कायदा

ज्यांना हा भाग ऐकण्याऐवजी वाचायचाय, त्यांच्यासाठी लिहून काढलाय. माझं ‘म्हणजे बघा ना’ तेवढं कमी केलंय.

गोष्ट माझ्याच घरातली. लग्नाआधी आम्ही दोघांनी मोठ्या हुशारीने ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करार टाइप करून नोटरी करून घेतला. ज्याचे पैसे त्याचे, वेगळं व्हायची वेळ आली तर कुणी कुणाकडे काही मागायचं नाही. ‘प्रीनप’ झाला म्हणून पावभाजी खाऊन सेलिब्रेटही केलं. दोन वर्षांनी पुण्यात फ्लॅट घेतला. डाउन पेमेंटचे ६ लाख माझी एफडी मोडून दिले. लोन नवऱ्याच्या पगारावर आणि फ्लॅटचे कागदही एकट्या त्याच्या नावावर. रजिस्ट्रेशनच्या दिवशी मला सुट्टी मिळाली नव्हती, एवढंच कारण.

माझी मावशी वकील आहे. तिला तो स्टॅम्प पेपर दाखवला. ती म्हणाली, “छान आहे, फ्रेम करून लाव. आता फ्लॅटचे पेपर दाखव.”

असं का? आपल्याकडे हिंदू विवाह हा कायद्याच्या नजरेत नुसता करार नाही, तो संस्कारही मानला जातो. त्यात भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २३ सांगतं की सार्वजनिक धोरणाच्या विरोधात जाणारा करार रद्दबातल. १९०१ साली कलकत्ता हायकोर्टात एक मजेशीर केस झाली होती. बायकोला तिच्या माहेरच्या घरातून कधीच हलवायचं नाही, असा लग्नाआधीचा करार होता. कोर्टाने तो मानला नाही. आमच्या करारातलं ‘काही मागायचं नाही’ हे वाक्य तर अजूनच कच्चं, कारण पोटगीचा हक्क आधीच लिहून सोडून देता येत नाही. लग्नानंतर केलेल्या ‘पोस्टनप’चंही तेच. कोर्ट फार तर दोघांचं तेव्हा काय ठरलं होतं, हे बघायला असा कागद हातात घेईल. (मुस्लिम विवाहाचं वेगळं आहे. तिथे निकाह हाच करार, त्यात मेहर आणि अटी लिहिता येतात.)

आता गोवा. फोंड्याहून एका मैत्रिणीची व्हॉइस नोट आली: “ताई, पुढच्या महिन्यात आमची पहिली सही आहे. माझ्या नावावर आधीचा फ्लॅट आहे, त्याचं काय होणार?” गोव्यात लग्नाच्या नोंदणीला दोनदा सही करावी लागते, ती ही पहिली. तिथे पोर्तुगीजांचा १८६७ चा नागरी कायदा लग्नाच्या बाबतीत अजून चालतो. त्यात आधी काही ठरवलं नसेल, तर लग्न होताच दोघांची मालमत्ता एकत्र धरली जाते, अर्धी-अर्धी. लग्नाआधीची पण! म्हणून गोव्यात जमीन विकताना खरेदीखतावर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. नको असेल तर लग्नाआधी रीतसर नोंदवलेला करार करून मालमत्ता वेगळी ठेवता येते, किंवा फक्त लग्नानंतर कमावलेली तेवढी एकत्र. पण हे सगळं लग्नाच्या आधीच. एकदा लग्न झालं की तो करार बदलता येत नाही. मी तिला म्हटलं, हॉल नंतर बुक कर, आधी वकील गाठ.

महाराष्ट्रात उलटं आहे. इथे लग्नाने कुणाची मालमत्ता आपोआप अर्धी होत नाही. कागदावर ज्याचं नाव, तो मालक; बाकीच्यांनी पुरावे घेऊन भांडत बसायचं. म्हणून इथे करारापेक्षा नावं सांभाळायची. माहेरचे दागिने, लग्नात मिळालेल्या भेटी हे स्त्रीधन आहे आणि ते पूर्णपणे बाईचंच, हे सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच सांगितलंय; बिलं आणि फोटो तेवढे जपून ठेवा. नवऱ्याचा धंदा कर्जावर चालत असेल तर त्याने टर्म इन्शुरन्स घेतानाच १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घ्यावा, म्हणजे ते पैसे बायको-मुलांनाच मिळतात, सावकार-बँकेला हात लावता येत नाही. आणि जॉइंट लोनवर सही करताना एक लक्षात ठेवा: उद्या वेगळे झालात तरी बँक पूर्ण हप्ता दोघांपैकी कुणाकडेही मागू शकते. ‘माझा अर्धाच’ असं काही नसतं.

आमच्या फ्लॅटचं काय केलं? नवऱ्याने अर्धा हिस्सा मला गिफ्ट डीडने दिला. राहत्या घराचा हिस्सा नवरा-बायकोत असा देताना महाराष्ट्रात मूळ स्टॅम्प ड्युटी २०० रुपये आहे, वर सेस आणि बाकीचा खर्च. खरा वेळ गेला बँकेच्या एनओसीत, कारण फ्लॅट त्यांच्याकडे गहाण. चार चकरा झाल्या. नवरा थोडा रुसलाही, “विश्वास नाही का?” म्हणून. मी म्हटलं, विश्वास आहे, म्हणून तर एफडी मोडली होती. त्यावर तो गप्प बसला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच बँकेत गेला.

मागच्या महिन्यात इंडेक्स टू हातात आला. दोघांची नावं आहेत. तो ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपरही त्याच फाइलमध्ये ठेवलाय. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात मावशीलाच बसवते माइकसमोर.