व्हिक्टोरियाला रात्री आठ वाजता

सिॲटलला मुलाकडे किंवा लेकीकडे उन्हाळा काढायला गेलेले आपल्याकडचे आईबाबा अलास्काची क्रूझ करून येतात. सात रात्रींचा प्रवास, हिमनद्या, देवमासे, शेकडो फोटो. परत आल्यावर भरभरून सांगतात आणि सांगता सांगता एक तक्रार हमखास निघते. शेवटच्या संध्याकाळी बोट कॅनडातल्या व्हिक्टोरियाला लागली, पण कधी, तर रात्री आठ वाजता. तिथली बुचार्ट गार्डन एवढी नावाजलेली, आणि ती बघायची उजेड जाता जाता. मध्यरात्री बोट सुटलीसुद्धा. चार तासांसाठी थांबायचंच कशाला?

तक्रार रास्त आहे. तिचं उत्तर शोधायला १८८६ सालापर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी अमेरिकेत ‘पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस ॲक्ट’ झाला. परदेशी जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊ नयेत, असा हा कायदा. अमेरिकी जहाजबांधणीला आणि खलाशांना संरक्षण द्यायचं, हा त्यामागचा हेतू. तो आजही लागू आहे. आजच्या मोठ्या क्रूझ जहाजांवर मात्र बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांचे झेंडे असतात. अमेरिकेचा झेंडा लावून फिरणारं असं मोठं सागरी जहाज एकच, ‘प्राइड ऑफ अमेरिका’, आणि ते हवाई बेटांमध्ये असतं. सिॲटलहून निघून अलास्कातलं जुनो, केचिकान करून पुन्हा सिॲटलला येणारी बोट सबंध प्रवासात अमेरिकेच्याच बंदरांना शिवते. त्यामुळे वाटेत एका तरी परदेशी बंदराला लागणं तिला भाग असतं. सिॲटलच्या अगदी दाराशी असलेलं परदेशी बंदर म्हणजे व्हिक्टोरिया. तिथे किती तास थांबायचं, हे कायदा सांगत नाही.

हा नियम किती घट्ट आहे, ते २०२१ मध्ये कळलं. कोविडमुळे कॅनडाने आपली बंदरं क्रूझला बंद ठेवली होती. अलास्काच्या किनाऱ्यावरच्या गावांचा २०२०चा हंगाम आधीच बुडाला होता आणि दुसराही हातचा जायची वेळ आली. धक्के तयार, जहाजं तयार, गिऱ्हाईकही तयार. फक्त व्हिक्टोरियाचा थांबा शक्य नव्हता. शेवटी मे महिन्यात अमेरिकेच्या संसदेला खास कायदा करून तात्पुरती सूट द्यावी लागली, तेव्हा बोटी हलल्या.

मला या विषयाची ओढ लागली ती इथूनच. माहितीपुस्तिकेत क्रूझचा मार्ग निसर्गाने आखल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो तासांच्या हिशेबातून येतो, आणि हिशेब सुरू होतो शेवटच्या सकाळपासून. सकाळी सातच्या सुमारास बोट सिॲटलला परत आलीच पाहिजे, कारण दुपारी चारच्या आसपास ती पुन्हा निघायची असते. तेवढ्या वेळात चार हजार माणसं सामानासकट उतरतात, सगळ्या खोल्या आवरल्या जातात, आठवड्याचा शिधा आणि इंधन चढतं आणि नवी चार हजार माणसं आत येतात. उतरणाऱ्यांची विमानं ठरलेली असतात, चढणारे आदल्या दिवशीच शहरात येऊन राहिलेले असतात. म्हणून प्रवास सुरू-बंद होणारं बंदर निवडताना तिथला समुद्र किती देखणा आहे यापेक्षा विमानतळ किती मोठा आहे, हे आधी पाहिलं जातं.

या दोन टोकांमध्ये सात दिवस. सिॲटल ते जुनो हे अंतर जवळपास ९०० सागरी मैल. वीस नॉटच्या वेगाने, म्हणजे तासाला वीस सागरी मैल गाठत, पंचेचाळीस तास लागतात. वेग वाढवला तर? इथे पाणी आडवं येतं. जहाजाला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्के वाढवायचा तर इंजिनांना सुमारे ७३ टक्के जास्त जोर लावावा लागतो. वेळ वाचतो हे धरूनही तेवढ्याच अंतराला ४४ टक्के जास्त इंधन जळतं. त्यातून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत इंधनातल्या गंधकावर कडक मर्यादा आहे. तिथे जाळायचं स्वच्छ इंधन महाग पडतं. मग मार्ग आखणारा माणूस काय करतो? बंदरातला तास कापतो. सिॲटलहून येणाऱ्या कित्येक बोटी केचिकानला सकाळी सातला लागतात आणि दुपारी एकला सुटतात, त्या यामुळे.

बोट बंदरात असताना जहाजावरचा कॅसिनो आणि करमुक्त दुकानं सहसा बंद असतात, हेही इथे सांगायला हवं. तिकिटाच्या पैशांइतकाच कंपनीचा डोळा प्रवासी जहाजावर काय खर्च करतो यावर असतो. म्हणजे समुद्रातला दिवस हा कंपनीच्या कमाईचा दिवस. बंदर घेतलं तर तिथल्या सहलींचं तिकीट आपल्याकडूनच विकलं जावं, हा प्रयत्न. कॅरिबियन समुद्रात कंपन्यांनी हा विचार पार टोकाला नेला आणि स्वतःची बेटं आणि किनारेच घेतले. नॉर्वेजियन कंपनीने बहामातलं ग्रेट स्टिरप के १९७७ मध्ये घेतलं, रॉयल कॅरिबियन १९८६पासून हैतीतला लाबाडीचा किनारा भाड्याने वापरू लागली. अलास्कात बेट विकत घेऊन भागत नाही, कारण लोक येतात ते तिथला बर्फ आणि तिथली गावं बघायला. तिथे कंपन्या धक्क्यांमध्ये पैसा घालतात.

व्हँकुव्हरहून निघणाऱ्या बोटींचं गणित वेगळं. व्हँकुव्हर कॅनडातच असल्याने परदेशी बंदराची अट आपोआप भागते. अंतर कमी, त्यामुळे अलास्कात जास्त तास मिळतात, आणि वाट बेटांच्या आडोशाने जाते. सिॲटलच्या बोटी बऱ्याचदा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात. ज्यांना बोट लागते त्यांनी हा फरक तिकीट काढतानाच लक्षात घ्यावा. पण आतल्या वाटेचे स्वतःचे पहारेकरी आहेत. बंदराच्या तोंडाशी लायन्स गेट पूल. त्याखालून जायला सुमारे ६१ मीटर उंची मिळते, म्हणून फार उंच जहाजांना व्हँकुव्हर हे बंदरच उरत नाही. त्यापुढे सिमोर नॅरोज ही चिंचोळी खाडी. भरती-ओहोटीच्या वेळी तिथे पाणी पंधरा नॉटच्या आसपास धावतं. पूर्वी मधोमध रिपल रॉक नावाचा बुडालेला खडक होता आणि त्याने शंभरावर बळी घेतले होते. ५ एप्रिल १९५८ रोजी खालून बोगदे खणून, बाराशे टनांहून जास्त स्फोटकं ठासून तो उडवला. खडक गेला, ओढ राहिली. आजही मोठ्या बोटी भरती आणि ओहोटीच्या मधल्या थबकलेल्या पाण्याची वेळ साधून तिथून जातात. म्हणजे व्हँकुव्हरहून निघायची वेळ चंद्राला विचारून ठरते. कोकणातल्या तांडेलाला यात नवल वाटणार नाही.

अलास्कातल्या हूना या गावाची गोष्टही कोकणाची आठवण करून देणारी. क्लिंगिट आदिवासींच्या स्वतःच्या कंपनीने तिथली मासे डबाबंद करायची जुनी फॅक्टरी दुरुस्त केली आणि २००४ मध्ये क्रूझसाठी ‘आइसी स्ट्रेट पॉइंट’ हे बंदर सुरू केलं. धक्का नव्हता. जहाज बाहेर नांगर टाकून उभं राही आणि प्रवासी लहान होड्यांतून किनाऱ्यावर येत. मुंबई-गोवा बोटीने गेलेल्या आपल्या आधीच्या पिढीने हे अनुभवलेलं आहे. बोट खोल पाण्यात थांबायची आणि पडाव तिला भिडायचे. मग ट्रंका, पोरं, म्हातारी माणसं हातोहात खाली उतरवली जायची. पडावाने शंभर माणसं उतरवणं निराळं आणि चार हजार निराळं. होड्यांच्या फेऱ्यांत तासच्या तास जातात, समुद्र उसळला तर थांबा रद्दच करावा लागतो, आणि गुडघे दुखणारा प्रवासी जहाजावरच बसून राहतो. हूनाला २०१६ मध्ये तरंगता धक्का झाला, पुढे दुसराही झाला, आणि मोठ्या जहाजांच्या वेळापत्रकात त्या गावाचं नाव पक्कं झालं.

ग्लेशियर बे मात्र धक्का बांधून मिळत नाही. ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश. परवाने उद्यानखातं मोजक्या कंपन्यांना करार करून देतं. प्रवासी कुठेही उतरत नाहीत. उद्यानाचे रेंजरच जहाजावर येऊन माहिती देतात. ज्या कंपनीकडे परवाना नाही, ती आपली बोट दुसऱ्या एखाद्या हिमनदीकडे वळवते. म्हणून तिकीट घेताना ‘हिमनदी दर्शन’ या शब्दांवर न थांबता कुठली हिमनदी, हे विचारावं.

आता जुनो. अलास्काच्या या राजधानीची वस्ती सुमारे ३२,०००. २०२३ च्या हंगामात तिथे सोळा लाखांहून जास्त क्रूझ प्रवासी उतरले. अरुंद रस्ते, डोक्यावर हेलिकॉप्टरची घरघर, बसची रांग. गावाचं पोट या पाहुण्यांवर आहे आणि गावाची दमछाकही त्यांच्यामुळेच. इथे एक गोष्ट विसरता येत नाही: गाव जागचं हलत नाही, जहाज हलतं. २००६ मध्ये अलास्काच्या मतदारांनी प्रत्येक क्रूझ प्रवाशामागे सुमारे ५० डॉलरचा कर मंजूर केला. कंपन्यांनी काही जहाजं दुसरीकडे वळवली आणि २०१० मध्ये राज्याने कर ३४.५० डॉलरवर आणला. हे वाचताना मला त्या किनाऱ्यावरच्या दुकानदारांची, गाईडची, बसचालकांची काळजी वाटते. दोन वर्षं आधी, हजारो किलोमीटर दूरच्या कार्यालयात एका तक्त्यातला रकाना बदलतो आणि यांचा उन्हाळा जातो.

जुनोने पुढे जी वाट काढली ती मला शहाणपणाची वाटते. शहराने कंपन्यांशी बसून करार केले. २०२४ पासून दिवसाला जास्तीत जास्त पाच मोठी जहाजं. २०२६ पासून रोज १६,००० प्रवाशांची मर्यादा, शनिवारी १२,०००. शनिवारी एकही मोठं जहाज नको, असा प्रस्ताव २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मतदानाला आला होता; तो लोकांनी फेटाळला. रोजी हवी आणि श्वास घ्यायला जागाही हवी, या दोन्ही गोष्टी गावाने मोकळेपणाने मांडल्या. मार्ग आखणाऱ्याला आता भरती-ओहोटीसारखाच जुनोचा शनिवारही धरावा लागतो.

हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. पुढे हीच जहाजं कॅरिबियन, मेक्सिको किंवा ऑस्ट्रेलियाकडे जातात, कारण रिकामं उभं असलेलं जहाजही खर्च करतच असतं. आपल्याकडे तेच काम पावसाळा करतो. अरबी समुद्र खवळायला लागला की पश्चिम किनाऱ्यावरचा क्रूझचा हंगाम संपतो. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट जून २०२३ मध्ये चेन्नईहून श्रीलंकेकडे जाऊ लागली, त्यामागचं एक साधं कारण हे.

पुन्हा त्या रात्री आठकडे येऊ. केचिकानहून बोट आदल्या दुपारी एकला सुटलेली असते. तिथून व्हिक्टोरिया सुमारे सहाशे सागरी मैल. दुसऱ्या संध्याकाळी आठपर्यंत होतात एकतीस तास, म्हणजे वेग साडेएकोणीस नॉटच्या आसपास. व्हिक्टोरियाहून सिॲटल सत्तर-पंचाहत्तर मैलच, मध्यरात्री निघून सातला पोचायला आरामात जमतं. बाग उन्हात बघायची, दुपारी चारलाच व्हिक्टोरिया गाठायचं, तर केचिकानहून सकाळी नऊला निघावं लागेल. सातला लागलेल्या बोटीतून माणसं उतरून गावात पोचेपर्यंत आठ वाजलेले असतात.