स्थलांतरित व हंगामी हेड स्टार्टमधील पालक-नेतृत्व

स्थलांतरित व हंगामी हेड स्टार्ट हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शेतमजूर कुटुंबांच्या बालकांसाठी १९६९ पासून चालवला जाणारा संघराज्य शासनाचा बालसंगोपन व कुटुंब-साहाय्य कार्यक्रम आहे. जन्मापासून शाळाप्रवेशाच्या वयापर्यंतच्या मुलांना त्यात शिक्षण, आहार, आरोग्यतपासणी व दिवसभराचे संगोपन मिळते. लाभार्थी मुलांच्या पालकांना कारभारात प्रत्यक्ष मताधिकार असणे हे या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य होय. अनुदानाचे अर्ज, अर्थसंकल्पाचे नियोजन आणि कर्मचारी-नियुक्तीची धोरणे यांवर पालकांचे बहुमत असलेल्या धोरण परिषदेची मंजुरी घ्यावी लागते.

## पार्श्वभूमी

अमेरिकेत फळे व भाजीपाला यांची तोडणी मोठ्या प्रमाणावर स्थलांतरित मजुरांवर अवलंबून आहे. दक्षिण टेक्सासमधून मिशिगन व ओहायोकडे, फ्लोरिडातून पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे आणि कॅलिफोर्नियातून ओरेगन व वॉशिंग्टनकडे जाणारे मार्ग परंपरेने रूढ आहेत. कामगार संघटनांना संरक्षण देणाऱ्या १९३५ च्या राष्ट्रीय कामगार-संबंध कायद्यातून शेतमजुरांना वगळण्यात आले. किमान वेतनाच्या १९३८ च्या कायद्यातूनही ते वगळले गेले होते. १९६६ मध्ये किमान वेतन काही अंशी लागू झाले. जादा कामाच्या वाढीव मोबदल्याची तरतूद मात्र संघराज्य कायद्याने त्यांना अद्याप दिलेली नाही. आई-वडील दोघेही शेतात असल्याने लहान मुले बांधावर किंवा मोठ्या भावंडांच्या भरवशावर राहत. २५ नोव्हेंबर १९६० रोजी प्रसारित झालेल्या ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ या दूरचित्रवाणी माहितीपटाने या कुटुंबांच्या स्थितीकडे देशाचे लक्ष वेधले.

१९६४ च्या आर्थिक संधी कायद्याने दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत गरिबांचा ‘शक्य तितका अधिकाधिक सहभाग’ असावा, असे तत्त्व घालून दिले. या कायद्याच्या आधारे १९६५ च्या उन्हाळ्यात हेड स्टार्ट सुरू झाला. पहिल्याच वर्षी पाच लाखांहून अधिक बालकांनी त्याचा लाभ घेतला. या तत्त्वाचा राजकीय अर्थही लवकरच उघड झाला. मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीय पालक व कार्यकर्त्यांनी चालवलेल्या बालविकास केंद्रांना सिनेटर जॉन स्टेनिस यांनी तीव्र विरोध केला. १९६६ मध्ये त्यांचे अनुदान रोखण्यात आले व निदर्शनांनंतर ते अंशतः पूर्ववत झाले. सार्वजनिक निधीवर गरीब पालकांचे नियंत्रण असावे काय, हा त्या वादाचा गाभा होता.

## शेतमजूर वस्त्यांतील आरंभ

फ्लोरिडात मायामीच्या दक्षिणेस असलेल्या रेडलँड्स भागात मेनोनाइट स्वयंसेवकांनी १९६५ मध्ये शेतमजुरांच्या मुलांसाठी केंद्रे उघडली. तीच संस्था पुढे ‘रेडलँड्स ख्रिश्चन मायग्रंट असोसिएशन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. आरंभी पालक आपली मुले अपरिचितांच्या हाती सोपवण्यास तयार नव्हते. संस्थेने मजूर वस्त्यांतील स्त्रियांनाच संगोपनाच्या कामावर घेतल्यानंतर मुलांची संख्या वाढली. समाजातील व्यक्तींना कामावर घेणे हे पुढे या संस्थेच्या धोरणाचे मुख्य सूत्र बनले. टेक्सास मायग्रंट कौन्सिल (१९७१) आणि ईस्ट कोस्ट मायग्रंट हेड स्टार्ट प्रोजेक्ट (१९७४) या संस्थांनी कुटुंबांच्या स्थलांतराच्या मार्गांवर केंद्रे चालवण्याची पद्धत स्वीकारली. १९९८ च्या कायदेशीर सुधारणेने एकाच ठिकाणी राहून हंगामी काम करणाऱ्या कुटुंबांचाही समावेश झाला व कार्यक्रमास सध्याचे नाव मिळाले.

## अधिकारांची रचना

१९७० च्या निर्देशांत पालक-सहभागाचे चार प्रकार सांगितले होते : निर्णयप्रक्रियेतील वाटा, वर्गात वेतनी कर्मचारी, स्वयंसेवक किंवा निरीक्षक म्हणून उपस्थिती, स्वतः आखलेले उपक्रम आणि घरी मुलांसोबत काम. सध्याची रचना २००७ चा कायदा व २०१६ ची कार्यमानके यांवर आधारलेली आहे.

* पालक समिती : प्रत्येक केंद्रातील मुलांच्या पालकांची ही समिती केंद्राच्या दैनंदिन कार्यक्रमांबाबत सल्ला देते.
* धोरण परिषद : ही संस्था-पातळीवर काम करते. तिच्यातील बहुसंख्य सदस्य त्या वेळी केंद्रात असलेल्या मुलांचे, पालकांनीच निवडलेले पालक असावे लागतात. इतर सदस्य स्थानिक समाजातून येतात. सदस्यत्वाची मुदत एक वर्ष असून ते जास्तीत जास्त पाच वेळा मिळू शकते.
* नियामक मंडळ : संस्थेची कायदेशीर व आर्थिक जबाबदारी या मंडळाकडे असते. परिषद व मंडळ यांच्यात मतभेद झाल्यास तो सोडवण्याची लेखी कार्यपद्धती असणे बंधनकारक आहे.

क्रेडिट कार्डवरील खर्चासह मासिक हिशेब, पटसंख्या आणि दिलेल्या जेवणांची संख्या यांचे अहवाल मंडळाप्रमाणेच परिषदेलाही द्यावे लागतात. हे अहवाल समजून घेता यावेत, यासाठी सदस्यांना प्रशिक्षण देणे ही संस्थेची जबाबदारी आहे.

## पालक ते प्रतिनिधी

पालकांचा पहिला संबंध बहुधा नोंदणी व गृहभेटीतून येतो. त्यानंतर ते केंद्राच्या समितीत व निवडून आल्यास परिषदेत जातात. कार्यक्रमाच्या एकूण खर्चापैकी सर्वसाधारणपणे २० टक्के वाटा संघराज्य निधीबाहेरून उभा करावा लागतो. पालकांच्या स्वयंसेवेच्या तासांचे मूल्य या वाट्यात धरता येते. त्यामुळे त्यांचे श्रम संस्थेच्या हिशेबातही नोंदले जातात. रिक्त पदांसाठी अर्ज करणाऱ्या पात्र आजी-माजी पालकांचा विचार करणे संस्थांवर बंधनकारक आहे. शेतकामातून साहाय्यक शिक्षिका किंवा कुटुंब-साहाय्य कर्मचारी या पदापर्यंत जाण्याचा मार्ग या तरतुदीमुळे खुला होतो. मात्र परिषदेचा सदस्य असताना त्याच कार्यक्रमाची नोकरी करता येत नाही.

## अडचणी

हंगाम : केंद्रे पिकाच्या हंगामानुसार उघडतात व बंद होतात. निवडून आलेला सदस्य मुदत संपण्यापूर्वीच दुसऱ्या राज्यात गेलेला असू शकतो. नवी परिषद स्थापन होईपर्यंत जुनी विसर्जित करता येत नाही, हा नियम अशा वेळी महत्त्वाचा ठरतो. नियमाने परिषद टिकते. सदस्य मात्र बैठकीपासून दूर असू शकतो.

वेळ व खर्च : तोडणीच्या दिवसांत बैठकीसाठी सुटी घेणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी गमावणे होय. अल्प उत्पन्न असलेल्या सदस्यांना वाजवी खर्चाची भरपाई देण्याची तरतूद आहे.

भाषा : स्पॅनिशबरोबरच मिश्तेक, त्रिकी, माम व हैतीची क्रेओल या भाषा बोलणारी कुटुंबेही कार्यक्रमात असतात. केवळ इंग्रजी-स्पॅनिश अनुवाद केल्यास यांतील अनेक पालक चर्चेबाहेर राहतात.

स्थलांतरविषयक धास्ती : ज्यांच्या कुटुंबातील कोणाचे वास्तव्य कागदपत्रांविना आहे, असे पालक सार्वजनिक पदापासून दूर राहण्याची शक्यता असते. जुलै २०२५ मध्ये आरोग्य व मानवसेवा विभागाने हेड स्टार्टला स्थलांतरित-स्थितीनुसार मर्यादित होणाऱ्या सार्वजनिक लाभांत समाविष्ट करण्याचे जाहीर केले. या निर्णयास न्यायालयांत आव्हान देण्यात आले.

## मूल्यमापन

धोरण परिषद ही प्रशासनाने तयार केलेल्या प्रस्तावांवर केवळ शिक्का मारणारी यंत्रणा ठरू शकते, असा आक्षेप या व्यवस्थेवर घेतला जातो. अर्थसंकल्प ऐनवेळी आणि अपरिचित भाषेत समोर आल्यास बहुमत असूनही पालकांना त्यात बदल सुचवणे कठीण जाते. उलटपक्षी, केंद्र पहाटे किती वाजता उघडावे, हंगाम लांबल्यास ते किती आठवडे चालू ठेवावे आणि प्रवेशात कोणाला अग्रक्रम द्यावा, या प्रश्नांचे प्रत्यक्ष ज्ञान शेतात काम करणाऱ्या पालकांकडेच असते. कायद्याने दिलेले मत परिणामकारक ठरण्यासाठी बैठकीची वेळ, अनुवाद व प्रशिक्षण या बाबी निर्णायक ठरतात.

## हेही पहा

* हेड स्टार्ट
* सेझार चावेझ
* ऊसतोड कामगार
* अंगणवाडी