कळप नसलेला मेंढपाळ

चेन्नईच्या अड्यार किंवा मैलापूर भागात पहाटे फिरावयास निघाल्यास दारोदारी कोलम, म्हणजे तिकडची पिठाची रांगोळी, काढण्याचे काम चाललेले दिसते. त्याच वेळी एखादा उभ्या कानांचा, दाट केसांचा कुत्रा मालकाच्या हातातील दोरी ताणीत समुद्राच्या दिशेने जाताना आढळतो. तो बहुधा अल्सेशियन किंवा कॉली जातीचा, अथवा अशा जातींच्या संकरातून जन्मलेला असतो. त्याचे पूर्वज थंड प्रदेशात मेंढ्या वळीत असत. तो मात्र उष्ण किनाऱ्यावरील शहरात, एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहतो. असे काही कुत्रे पहिल्या मालकाने टाकून दिलेले असतात व आश्रयस्थानातून नव्या घरी आलेले असतात. ते टाकले का जातात, आणि नव्या घरी सुखाने कसे राहू शकतात, हे दोन्ही प्रश्न त्यांच्या वारशाशी निगडित आहेत.

राखणारा आणि वळणारा

महाराष्ट्रातील वाचकांस धनगरांचे कुत्रे परिचित आहेत. ते कळपाजवळ राहून लांडग्यापासून मेंढ्यांचे रक्षण करतात. येथे विचार करावयाचा आहे तो कुत्रा निराळा. तो मेंढ्या राखण्यापेक्षा त्या वळण्याचे काम करतो. मेंढपाळाची शीळ ऐकून तो कळपाला वळसा घालतो, पांगलेल्या मेंढ्या एकत्र आणतो आणि त्यांना इष्ट दिशेने चालवितो.

हे कौशल्य आले कोठून? लांडगा शिकार करतो तेव्हा तो क्रमाने सावजावर नजर रोखतो, दबा धरून पुढे सरकतो, पाठलाग करतो, चावा घेऊन पकडतो व शेवटी ठार मारतो. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी दाखविल्याप्रमाणे, मेंढ्या वळणारा कुत्रा म्हणजे हीच साखळी अर्ध्यावर तोडलेला शिकारी होय. मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून साखळीतील पहिल्या क्रिया तीव्र केल्या व शेवटच्या क्षीण केल्या. आजच्या बॉर्डर कॉली जातीचा आदिपुरुष मानला जाणारा ‘ओल्ड हेम्प’ १८९३ साली इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंड परगण्यात जन्मला. जर्मनीत १८९९ साली कॅप्टन माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी मेंढपाळांच्या कुत्र्यांतून जी जात सिद्ध केली, तिलाच आपण अल्सेशियन म्हणतो.

असा कुत्रा शहरी घरात आला म्हणजे मेंढ्या नाहीशा होतात, परंतु ही प्रवृत्ती नाहीशी होत नाही. मुले अंगणात धावू लागली की तो त्यांच्याभोवती फेऱ्या घालतो व टाचेला दात लावतो. रस्त्यावरील स्कूटर किंवा ऑटोरिक्षा पाहून तो अंग जमिनीसरसे करतो व एकाएकी झेपावतो. घरच्या माणसांस वाटते, कुत्रा पिसाळला किंवा दुष्ट निघाला. त्याला साखळीने बांधून ठेवले जाते. काम नसल्यामुळे तो दिवसभर भुंकतो, शेजारी तक्रार करतात, आणि एके दिवशी तो रस्त्यावर सोडला जातो.

नव्या घरातील पहिले दिवस

१९५९ साली कॅप्टन व्ही. सुंदरम यांनी तेव्हाच्या मद्रास शहरात स्थापन केलेल्या ‘ब्लू क्रॉस ऑफ इंडिया’ या संस्थेसारख्या आश्रयस्थानांतून असे प्राणी दत्तक घेता येतात. घरी आल्यावर पहिल्या प्रथम पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी व रेबीजची लस टोचून घ्यावी. प्रारंभी तो एखाद्या कोपऱ्यात पडून राहतो आणि अन्न पुढे असूनही खात नाही. ही उदासीनता म्हणजे कृतघ्नता नव्हे. त्याला नव्या जागेचा अंदाज आलेला नसतो. खाणे, फिरणे व झोपणे यांच्या वेळा निश्चित ठेवल्या की हळूहळू भय ओसरते.

त्याला आज्ञाही नव्याने शिकवाव्या लागतात. चेन्नईत वाढलेल्या कुत्र्याला ‘वा’ म्हणजे ‘ये’ आणि ‘उट्कार’ म्हणजे ‘बस’ हे तमिळ शब्द ठाऊक असू शकतात. त्याच्या दृष्टीने शब्द हा केवळ एक ध्वनी असतो. त्या ध्वनीमागून काय घडते हे तो लक्षात ठेवतो, म्हणून घरातील सर्वांनी एकच शब्द एकाच अर्थाने वापरणे आवश्यक आहे.

लहान मुलांजवळ त्याला एकटे सोडू नये. त्याने टाच धरली तर मुलाने धावू नये, जागच्या जागी स्थिर उभे राहावे; कारण धावणारी वस्तूच त्याची प्रवृत्ती जागी करते. कुत्र्याला मारू नये. त्याला जवळ बोलावून बसवावे व बसल्याबद्दल खाऊ द्यावा. दात लागून कातडी फाटल्यास जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

मेंदूला काम

अशा कुत्र्याला केवळ धावण्याचा व्यायाम पुरत नाही. अमेरिकेतील जॉन पिली यांनी ‘चेसर’ नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला तीन वर्षांत १,०२२ खेळण्यांची नावे शिकविली, आणि हा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. सर्वच कुत्रे इतके शिकतील असे नाही. तथापि कपाटामागे लपविलेला चेंडू वासाने हुडकणे किंवा सांगितलेली वस्तू आणून देणे, एवढे काम कोणत्याही घरात देता येते. रोज दोन-तीन वेळा दहा मिनिटे असे काम मिळाले, तर स्कूटरमागे धावण्याची ओढ पुष्कळच कमी होते.

उष्मा आणि दमट हवा

चेन्नईत या कुत्र्याला खरा धोका हवेपासून आहे. ३१ मे २००३ रोजी तेथे ४५ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. कुत्र्याचे शरीर सुमारे साडेअडतीस अंशांवर असते. बाहेरची हवा त्याहून तापली म्हणजे शरीरातील उष्णता आपोआप बाहेर जाऊ शकत नाही. माणसाप्रमाणे कुत्र्याला सर्वांगी घाम येत नाही. तो धापा टाकून जिभेवरील व श्वासमार्गातील ओलाव्याची वाफ करतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. परंतु किनाऱ्यावरील हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने ही वाफ मंदगतीने होते व धापा टाकण्याचे श्रम व्यर्थ जातात.

म्हणून फिरणे पहाटे व सूर्यास्तानंतरच ठेवावे. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर तो रस्ता कुत्र्याच्या पायांसही असह्य समजावा. कुत्रा अडखळू लागला, लाळ गळू लागली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, तर त्याला सावलीत नेऊन सर्वांगावर पाणी ओतावे, पंखा लावावा आणि त्यानंतर पशुवैद्याकडे न्यावे. शरीर थंड करण्यास विलंब झाल्यास मृत्यू संभवतो.

गोचीड आणि एक घातक औषध

उबदार शहरात गोचिडीचा उपद्रव बारा महिने असतो. तपकिरी गोचीड भिंतीच्या फटींतही अंडी घालते, आणि तिच्या चाव्यातून ‘एर्लिकिया’ नावाचे जीवाणू रक्तातील पांढऱ्या पेशींत शिरतात. ताप, अन्नावरील वासना उडणे व नाकातून रक्त येणे ही त्या रोगाची लक्षणे होत. वेळीच उपचार झाल्यास तो बरा होतो.

गोचीड व खरूज यांवर आपल्याकडे ‘आयव्हरमेक्टिन’ हे औषध सर्रास दिले जाते. परंतु मेंदूत शिरू पाहणारी काही औषधे बाहेर लोटणारे एक प्रथिन शरीरात असते, आणि अनेक कॉली कुत्र्यांत त्याच्या जनुकात दोष असतो. हे २००१ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले. अशा कुत्र्याला हे औषध अधिक मात्रेत दिल्यास ते मेंदूत साठून तो बेशुद्ध पडतो, प्रसंगी दगावतो. दत्तक घेतलेल्या कुत्र्याचा वंश बहुधा अज्ञात असतो. म्हणून शेजाऱ्याच्या सल्ल्याने किंवा दुकानातून आणून औषध देऊ नये. पशुवैद्यास या शंकेची कल्पना द्यावी.

असा कुत्रा बारा-तेरा वर्षे जगतो. त्याला घरी आणण्यापूर्वी पहाटे उठण्याची, रोज काम देण्याची व उन्हापासून जपण्याची आपली तयारी आहे काय, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावे. तयारी नसेल तर न आणणे हेही प्राणिप्रेमच होय. कारण एकदा टाकल्या गेलेल्या प्राण्यावर दुसऱ्यांदा तीच वेळ येऊ नये, हा दत्तक घेण्यामागील मूळ हेतू आहे.