इन्स्टॉल झालंय, पण सापडत नाही!

मंडळी, सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये दोन प्रकारची माणसं जागी असतात. एक, ज्यांचं अजून लिहून व्हायचंय. आणि दोन, ज्यांचं लिहून झालंय पण चालत नाहीये. गेल्या वर्षी आमचा रूम-पार्टनर दुसऱ्या प्रकारात होता.

मिनी प्रोजेक्ट सी भाषेतला. लॅबच्या मशिनवर व्यवस्थित चालत होता. डेमो मात्र स्वतःच्या लॅपटॉपवर द्यायचा होता, म्हणून साहेबांनी रात्री अकराला विंडोजवर एमएसवायएस२ उतरवलं आणि त्यातून जीसीसी कंपायलर इन्स्टॉल केला. काहीही एरर नाही. मग नेहमीची काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘जीसीसी’ टाइप केलं, तर उत्तर आलं: ‘जीसीसी’ इज नॉट रेकग्नाइज्ड अ‍ॅज अ‍ॅन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड...

काढलं, परत टाकलं. तेच. परत काढलं, परत टाकलं. तेच! पहाटे अडीचला पार्टनरने शेवटचा उपाय केला, अख्खं विंडोज रीसेट मारलं आणि ‘सगळं काढून टाक’ या पर्यायावर बिनधास्त क्लिक केलं. ग्रुपचा रिपोर्ट डेस्कटॉपवर होता. पेनड्राइव्हमधली कॉपी तीन आठवड्यांपूर्वीची. सकाळी सहाला नव्याकोऱ्या विंडोजवर जीसीसी पुन्हा इन्स्टॉल झाला आणि पुन्हा तेच वाक्य आलं.

पार्टनर रडकुंडीला आला होता. दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरात पहिला लॅपटॉप इथे आल्यावर. तो एवढंच म्हणाला, “मला हे कॉम्प्युटरचं जमणार नाही रे. ब्रँच चुकली माझी.”

लॅबमध्ये गेलो तर असिस्टंट सरांनी दोन मिनिटांत प्रकरण मिटवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “अरे, फाइल कुठे पडलीये ते बघितलंस का?” नाही बघितलं. कोणीच बघत नाही! म्हणून हा लेखप्रपंच.

(कमांड्स इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना स्पेलिंग अर्थातच इंग्रजी.)

वॉचमन मामांची वही

आपल्या गेटवर घरून आलेला डबा घेऊन कोणी उभा राहिला तर काय होतं ते आठवा. समजा वॉचमन मामांकडे एक वही आहे. वहीत लिहिलंय: आधी ए विंग बघा, मग बी विंग, मग मेस. मामा त्या क्रमाने जाऊन नावाचा पुकारा करतात. मुलगा सापडला तर डबा मिळाला. नाही सापडला तर मामा येऊन सांगतात, “या नावाचा इथे कोणी नाही.”

आता तुम्ही कालच नव्या सी विंगमध्ये राहायला आलात. गादी टाकली, कुलूप लावलं, सगळं पक्कं. पण वहीत सी विंगच नाही! मामा खोटं बोलत नाहीत. त्यांनी वहीतल्या सगळ्या जागा प्रामाणिकपणे बघितल्या. डबा मात्र परत गेला.

या वहीचं नाव पाथ. कमांड टाइप केली की शेल (म्हणजे ती काळी खिडकी चालवणारा प्रोग्रॅम) पाथमध्ये लिहिलेले फोल्डर डावीकडून उजवीकडे एकेक करून तपासतं. त्या नावाची चालवता येणारी फाइल पहिल्यांदा जिथे सापडेल, ती चालवतं. यादी संपली की हात वर! विंडोजमध्ये यादीतले फोल्डर अर्धविरामाने वेगळे केलेले असतात, लिनक्स आणि मॅकवर ‘:’ या चिन्हाने. ही पद्धत जुनी आहे. १९७९ साली बेल लॅब्जच्या युनिक्सची सातवी आवृत्ती आली, तिच्यात स्टीफन बोर्न यांचं शेल होतं आणि त्यात हाच पाथ होता. आजही तोच चालतो.

तुम्ही म्हणाल, सगळी डिस्क का शोधत नाही? एक तर डिस्कवर लाखो फाइली असतात, प्रत्येक कमांडला एवढा शोध परवडणार नाही. दुसरं म्हणजे डाउनलोड्समध्ये कोणीतरी पाठवलेली त्याच नावाची भलतीच फाइल चालली तर? यादी मर्यादित ठेवण्यात शहाणपण आहे.

एररमधल्या ‘इंटर्नल ऑर एक्स्टर्नल’चाही अर्थ इथेच लागतो. ‘डीआयआर’, ‘सीडी’ या कमांड प्रॉम्प्टच्या पोटातल्या कमांड, त्यांना फाइल लागत नाही. बाकीच्या सगळ्या बाहेरच्या, म्हणजे कुठेतरी असलेली फाइल. म्हणजे ते वाक्य एवढंच सांगतं: पोटात नाही आणि वहीतल्या जागांवरही नाही. ‘इन्स्टॉल झालं नाही’ असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. ‘तुला जमत नाही’ असं तर नाहीच नाही.

आता काय करायचं? पाच पायऱ्या

पायरी पहिली : नाव तपासा. पॅकेजचं नाव आणि कमांडचं नाव एकच असेल असं नाही. रिपग्रेप इन्स्टॉल केलं तर कमांड ‘आरजी’ असते. उबुंटूवर ‘आयएफकॉन्फिग’ हवं असेल तर ‘नेट-टूल्स’ नावाचं पॅकेज घ्यावं लागतं. उबुंटूवर नुसतं ‘पायथॉन’ चालत नाही, ‘पायथॉन३’ चालतं, हेही बऱ्याच जणांना चकवतं. शिवाय लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी वाटतात.

पायरी दुसरी : फाइल शोधा. सरांनी हेच केलं. एमएसवायएस२ नेहमीच्या जागी टाकलं आणि त्यातला यूसीआरटी६४ प्रकारचा जीसीसी घेतला, तर फाइल सी:\एमएसवायएस६४\यूसीआरटी६४\बिन या फोल्डरमध्ये येते. फोल्डर उघडला, जीसीसी तिथेच बसलेला! मग सरांनी पूर्ण पत्ता टाइप करून, पुढे दोन डॅश आणि ‘व्हर्जन’ लिहून एंटर मारलं. आवृत्तीचा नंबर आला. म्हणजे इन्स्टॉलेशन ठणठणीत, प्रश्न फक्त वहीचा. ही एक चाचणी रात्री अकराला केली असती तर रिपोर्ट वाचला असता.

उबुंटूवर ‘एपीटी’ने टाकलेल्या पॅकेजच्या फाइली कुठे गेल्या ते ‘डीपीकेजी’ला उणे आणि कॅपिटल एल देऊन, पुढे पॅकेजचं नाव लिहून विचारता येतं. ‘पिप’ने स्वतःच्या खात्यात टाकलेल्या टूलची कमांड तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘.लोकल/बिन’मध्ये जाते. तसं असेल आणि तो फोल्डर पाथमध्ये नसेल, तर पिप स्वतः पिवळ्या अक्षरांत इशारा देतो. आपण फक्त शेवटची ‘सक्सेसफुली’वाली ओळ वाचतो आणि खूष होतो!

पायरी तिसरी : वही वाचा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘इको %पाथ%’, पॉवरशेलमध्ये ‘$एन्व्ह:पाथ’, लिनक्स किंवा मॅकवर ‘इको $पाथ’ (इथे पाथ कॅपिटल अक्षरांतच). दुसऱ्या पायरीत सापडलेला फोल्डर या यादीत आहे का? नसेल, तर रोग सापडला.

पायरी चौथी : वहीत नोंद करा. विंडोजच्या सर्चमध्ये ‘एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स’ शोधा, आपल्या अकाउंटचा पर्याय उघडा, ‘पाथ’ निवडून ‘एडिट’ आणि मग ‘न्यू’. तिथे फोल्डरचा पत्ता टाका, फाइलचा नाही. पत्त्याच्या शेवटी जीसीसी.ईएक्सई चिकटवणारे बहाद्दर आमच्याच विंगमध्ये तीन निघाले. शेवटी सगळ्या खिडक्यांत ‘ओके’ दाबून बाहेर या.

लिनक्सवर बॅश वापरत असाल तर होममधल्या ‘.बॅशआरसी’ फाइलच्या शेवटी एक ओळ: एक्स्पोर्ट पाथ="$होम/.लोकल/बिन:$पाथ". बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस देऊ नका. मॅकवर २०१९च्या कॅटॅलिनापासून नव्या खात्याचं शेल झेडशेल असतं, त्यामुळे तिथे ओळ ‘.झेडएसएचआरसी’मध्ये जाते. जुन्या ट्युटोरियलप्रमाणे बॅशच्या फाइलमध्ये लिहिली तर झेडशेल ती वाचतच नाही.

पायरी पाचवी : नवी खिडकी उघडा. इथे शंभरातले निम्मे अडकतात असं माझं मत आहे. ड्युटी सुरू करताना मामा ऑफिसातल्या वहीची झेरॉक्स घेऊन गेटवर येतात. तुम्ही नंतर मूळ वहीत नाव घातलंत तरी मामांच्या हातातली झेरॉक्स जुनीच. प्रोग्रॅमचंही तसंच. सुरू होताना त्याला पाथची प्रत मिळते, नंतरचा बदल त्याला कळत नाही. म्हणून जुनी काळी खिडकी बंद करा, नवी उघडा. व्हीएस कोडमधलं टर्मिनल वापरत असाल तर नुसतं टर्मिनल बंद करून भागत नाही, पूर्ण व्हीएस कोड बंद करून उघडा. उबुंटूवर आणखी एक गंमत: तिथली ‘.प्रोफाइल’ फाइल ‘.लोकल/बिन’ला पाथमध्ये घेते, पण लॉगिन करताना तो फोल्डर अस्तित्वात असेल तरच. पहिलं टूल टाकल्यावर फोल्डर तयार होतो, म्हणून एकदा लॉगआउट करून परत आलात की बऱ्याचदा काम आपोआप होतं.

तरीही नाही?

लिनक्सवर एरर आल्या आल्या ‘इको $?’ टाइप करा. १२७ आलं तर कमांड सापडलीच नाही. १२६ आलं तर सापडली, पण चालवता आली नाही. बहुतेक वेळा परवानगीचा प्रश्न. दोन्हींवर औषध वेगळं.

कमांड सापडते पण आवृत्ती भलतीच दाखवते? एकाच नावाची दोन मुलं आहेत आणि डबा पहिल्या विंगमधल्याला मिळतोय. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर जीसीसी’ आणि बॅशमध्ये ‘टाइप’ला उणे ए देऊन सगळ्या जागा क्रमाने दिसतात.

साधी कमांड चालते, पण पुढे ‘सुडो’ लावलं की सापडत नाही? बऱ्याच लिनक्सवर सुडो स्वतःची वेगळी, सुरक्षित यादी वापरतं. तिथे पूर्ण पत्ता द्या. आणि स्वतः कंपाइल केलेली ‘ए.आउट’ सापडत नसेल तर आधी ‘./’ लावा. युनिक्सच्या जगात चालू फोल्डर मुद्दामच पाथमध्ये नसतो, आणि तो तसाच राहू द्या.

हे मात्र करू नका

एक. कमांड प्रॉम्प्टमधून ‘सेटएक्स’ने पाथ वाढवायचा शॉर्टकट बरेच जण सांगतात. सेटएक्स १०२४ अक्षरांनंतरचा मजकूर कापून टाकतं. पाथ लांब असेल तर शेपूट गेलंच समजा, आणि मग काल चालणारी इतर टूल्सही गायब. खिडकीतूनच बदल करा.

दोन. लिनक्सवर एक्स्पोर्टच्या ओळीत शेवटचं ‘:$पाथ’ विसरू नका. विसरलात तर जुनी वही फाडून एका पानाची नवी केली असं होतं, ‘एलएस’सुद्धा सापडत नाही. घाबरू नका, फाइली जागेवरच आहेत. ‘/बिन/एलएस’ असा पूर्ण पत्ता दिला की चालतं. नुसतं टर्मिनलमध्ये टाइप केलं असेल तर नवी खिडकी पुरते. ‘.बॅशआरसी’त लिहिलं असेल तर ‘/बिन/नॅनो’ने उघडून ओळ सुधारा.

तीन. फॉर्मॅट. तो या रोगावरचा उपाय नाहीच. नव्या विंडोजची वहीही कोरीच असते, त्यात तुमची सी विंग कशी येणार?

आमच्या पार्टनरचं काय झालं? जीसीसी दोन मिनिटांत सुरू झाला, डेमो झाला. रिपोर्ट मात्र चौघांनी मिळून दोन रात्री परत टाइप केला, उशिराचे मार्क गेले, आणि एक मेंबर आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. पण ब्रँच चुकली हे वाक्य त्यानंतर त्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. हल्ली फर्स्ट इयरची पोरं रात्री लॅपटॉप घेऊन आमच्या खोलीवर येतात. पार्टनर आधी विचारतो, “रिपोर्टची कॉपी दुसरीकडे आहे ना?” मग विचारतो, “फाइल कुठे पडलीये ते बघितलंस का?”