पडदा 1024 वरच अडला?

इंदिरानगरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये जुन्या पीसीवर हौसेनं लिनक्स चढवलं, की पहिली कुरकुर बहुधा हीच: मॉनिटर 1920 बाय 1080 चा, सेटिंग्जमध्ये मात्र 1024 बाय 768 च्या पुढे पर्यायच नाही. अक्षरं ढोबळ, वर्तुळं लंबगोल. खापर फुटतं लिनक्सवर.

खरा दोष अनेकदा केबलीत असतो. मॉनिटर आपली कुंडली ईडीआयडी नावाच्या किमान 128 बाइटच्या नोंदीतून संगणकाला कळवतो. काही स्वस्त व्हीजीए केबलींत त्यासाठीच्या ताराच गाळलेल्या असतात. नोंद पोचली नाही, की संगणक बेतानं घेतो. तेव्हा आधी केबल बदलून पाहावी.

तरीही अडलं, तर टर्मिनल उघडायचं. ‘सीव्हीटी 1920 1080’ ही आज्ञा दिली की 173 मेगाहर्ट्झपासून सुरू होणारी आकड्यांची ओळ मिळते. ती ‘एक्सरँडआर’च्या ‘न्यूमोड’ला द्यायची, ‘अ‍ॅडमोड’नं पोर्टला जोडायची आणि मग निवडायची. रीस्टार्ट केलं की सगळं पुसलं जातं. म्हणून या आज्ञा होम फोल्डरमधल्या ‘डॉट एक्सप्रोफाइल’ फाइलीत लिहून ठेवाव्यात.

ही युक्ती फक्त एक्स-11 या डिस्प्ले प्रणालीवर चालते. उबुंटू 2021 च्या 21.04 आवृत्तीपासून बहुतेक यंत्रांवर तिच्याऐवजी वेलँड वापरतो, तेव्हा सेशन यांपैकी कोणतं ते आधी तपासा.