विश्लेषण : जुना पीसी ‘ओव्हरक्लॉक’ करायचाय? आधी सोलापूरचा मे महिना आठवा!

दहा-बारा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप अजून चालतो, पण चादर-टॉवेलच्या डिझाइनची फाइल उघडताना किंवा व्हिडिओ एडिट करताना दमतो. नवा पीसी घ्यायचा तर खर्च मोठा. अशा वेळी ‘ओव्हरक्लॉकिंग’ हा फुकटातला उपाय सुचवला जातो. पण उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जाणाऱ्या सोलापुरात हा उपाय कितपत सुरक्षित आहे?

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमके काय?

प्रोसेसर ठरावीक ठोक्यावर काम करतो. इंटेलचा २०११ मध्ये आलेला कोअर आय५-२५००के हा प्रोसेसर घ्या. त्याचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३३० कोटी ठोके. हा वेग १०० मेगाहर्ट्झ गुणिले ३३ असा येतो. बायोसमध्ये जाऊन ३३ चा गुणक ४० केला की वेग ४ गिगाहर्ट्झ होतो. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवणे म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग. प्रकार जुनाच आहे. १९९८ मधला ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए अनेकांनी ४५० मेगाहर्ट्झवर चालवला होता.

सगळ्याच प्रोसेसरवर हे जमते का?

नाही. इंटेलच्या त्या काळातल्या प्रोसेसरमध्ये नावाच्या शेवटी ‘के’ असेल, तरच गुणक मनासारखा वाढवता येतो. शिवाय मदरबोर्डही तसा लागतो, उदाहरणार्थ झेड७७ किंवा झेड९७ चिपसेटचा. स्वस्त पीसीमध्ये सर्रास दिसणाऱ्या एच६१ वर ही सोय नाही. एएमडीचे एफएक्स आणि रायझन प्रोसेसर गुणकासाठी खुले असतात, मात्र रायझनसाठी ए३२० चिपसेटचा बोर्ड चालत नाही. आपल्या पीसीत काय आहे, हे ‘सीपीयू-झेड’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लगेच दिसते. प्रोसेसर किंवा बोर्ड बसत नसेल, तर केवळ ओव्हरक्लॉकिंगसाठी नवा बोर्ड घेणे परवडणारे नाही.

उष्णता किती वाढते?

वेगाच्या मानाने वीज जास्त वाढते. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेजही १० टक्के वाढवले, तर वीज साधारण ३३ टक्क्यांनी वाढते. ती सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते.

सोलापुरात काळजी जास्त का?

साधा पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. समान कामाला प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानातला फरक जवळपास तेवढाच राहतो. डिसेंबरात खोली २४ अंशांवर असताना प्रोसेसर ७० अंशांवर राहत असेल, तर मे महिन्यात ३९ अंशांच्या खोलीत तोच ८५ अंशांवर जाईल. म्हणून थंडीत जमलेले सेटिंग उन्हाळ्यात दगा देते. चाचणी उन्हाळ्यातल्या दुपारी घ्यावी. थंडीतच घेतली तर १५ अंशांची जागा मोकळी ठेवावी.

दुसरा शत्रू धूळ. यंत्रमागाच्या परिसरात कापसाचे बारीक तंतू हीटसिंकच्या पात्यांमध्ये अडकून हवा अडवतात. तिसरी गोष्ट खोलीतला पाण्याचा कूलर. त्याची दमट हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये.

सुरुवात करण्याआधी काय करावे?

• महत्त्वाच्या सगळ्या फाइलींचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या.
• पीसी बंद करून प्लग काढा. पंखा बोटाने धरून ब्लोअरने धूळ काढा.
• प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा.
• मदरबोर्डवरचा एखादा कपॅसिटर फुगलेला असेल, तर ओव्हरक्लॉकिंगचा विचार सोडा.
• एसएमपीएस जुना किंवा हलक्या दर्जाचा असेल, तर आधी तो बदला. अर्थिंग तपासून घ्या.
• प्रोसेसरसोबत आलेला छोटा कूलर पुरत नाही. टॉवर कूलर लागतो आणि इथेच ‘फुकटातला’ उपाय खर्चिक होऊ लागतो.

सुरक्षित पद्धत कोणती?

आधी काहीही न बदलता ‘एचडब्ल्यूइन्फो’मध्ये तापमान आणि व्होल्टेज पाहून नोंदवा. मग बायोसमध्ये गुणक फक्त एकाने वाढवा. ‘ओसीसीटी’ किंवा ‘प्राइम९५’ने पंधरा-वीस मिनिटे पूर्ण ताण द्या. सगळे ठीक असेल तर आणखी एकाने वाढवा. पीसी अडकला, आपोआप रीस्टार्ट झाला किंवा निळा स्क्रीन आला, तर दोन पायऱ्या मागे या आणि काही तास चाचणी घ्या.

नवख्यांनी व्होल्टेज वाढवू नये. काही बोर्ड ‘ऑटो’वर असताना स्वतःच व्होल्टेज वाढवतात, त्यामुळे आकड्यावर लक्ष ठेवा. १०० मेगाहर्ट्झच्या मूळ घड्याळालाही हात लावू नका. या पिढीच्या इंटेल बोर्डवर डिस्कची जोडणीही त्याच घड्याळावर चालते आणि डेटा खराब होऊ शकतो.

इंटेलच्या या प्रोसेसरसाठी ८० अंश ही थांबण्याची रेषा मानावी. एएमडी एफएक्ससाठी ती ६० च्या आसपासच आहे. मर्यादा ओलांडली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणजे अति ताणलेला पीसी उलट हळू चालतो. पीसी सुरूच झाला नाही, तर प्लग काढून मदरबोर्डवरचा गोल सेल काही मिनिटे बाहेर ठेवा. सेटिंग मूळ पदावर येते.

फायदा किती?

अपेक्षेपेक्षा कमी. आय५-२५००के हलक्या कामात टर्बोने आधीच ३.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. तो ४ वर नेला तर वाढ अवघी ८ टक्के. रेंडरिंगसारख्या सगळे कोअर वापरणाऱ्या कामात ती जास्त मिळते. पण पीसी जुन्या हार्डडिस्कमुळे मंद असेल, तर ओव्हरक्लॉकिंगने काहीच हलत नाही. तिथे एसएसडी बसवणे आणि ४ जीबीची रॅम ८ जीबी करणे, हाच खरा उपाय. वीजबिलही वाढते. ४० वॉट जादा लागले आणि पीसी रोज आठ तास पूर्ण ताणावर चालला, तर महिन्याला साधारण दहा युनिट जास्त.

आणखी एक गैरसमज आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. ओव्हरक्लॉक केल्याने जुना प्रोसेसर विंडोज ११ साठी पात्र ठरत नाही. इंटेलची अट साधारण आठव्या पिढीपासूनची आहे आणि ती पिढीची आहे, वेगाची नाही.

मग कोणी करावे, कोणी टाळावे?

घरी दुसरा पीसी आहे, शिकण्याची हौस आहे आणि हा बिघडला तरी चालेल, अशांनी जरूर करून पाहावे. दुकानाचे बिलिंग, जीएसटीचा हिशेब किंवा ग्राहकांची डिझाइन ज्या एकाच पीसीवर आहेत, त्यांनी टाळावे. अस्थिर प्रोसेसर दर वेळी बंद पडून इशारा देत नाही, कधी गुपचूप फाइलच खराब करतो. अशा पीसीला धूळ काढणे, नवी पेस्ट आणि एसएसडी एवढेच पुरे.